डेअरीत न गेलेलं दूध

आमच्या पारनेर-नगर पट्ट्यात दुधाचा इतिहास निघाला की लोक जर्सी गाईपासून सुरुवात करतात. गावात डेअरी कधी आली, पहिली संकरित गाय कुणी आणली, पहिला दुधाचा पगार कुणाला किती पडला, हे सगळं पाठ असतं. डेअरीत जे दूध गेलं त्याची नोंद वहीत झाली, म्हणून त्याला इतिहास आहे. त्याच्या आधी घराघरात पोरांच्या पोटात जे दूध गेलं ते बहुतेक शेळीचं होतं. ते कुणी मोजलं नाही, विकलं नाही, म्हणून त्याची वहीही नाही. तेवढं लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

पहिल्यांदा एक गैरसमज काढतो. शहरातल्या माणसाला वाटतं, पूर्वी खेड्यात दुधातुपाचे पाट वाहत होते. असतील कुठं नदीकाठाला. आमच्या माळरानावर नव्हते. गावरान गाय लोक दुधासाठी पाळतच नव्हते. गाय पाळायची ती खोंडासाठी. खोंडाचा बैल होणार, बैलावर शेती चालणार, म्हणून गाईचं दूध वासरालाच सोडायचे. कुणी दोन्ही वेळा पिळून घेतलं तर म्हातारी माणसं म्हणायची, "वासरू मारतोस का रं?" म्हैस म्हणजे मोठ्या वाड्याचं काम. तिला डुंबायला पाणी पाहिजे, हिरवा चारा पाहिजे, विकत घ्यायला पैका पाहिजे. आमच्याकडं पैका तर नव्हताच, उन्हाळ्यात पाणीही नव्हतं.

राहिली शेळी. आमच्याकडं तिला शेरडू म्हणतात. बहुतेक संगमनेरी, पांढरी, मधूनच एखादी तांबूस नाही तर बांडी. बाजारातून कुणी काळीभोर उस्मानाबादी आणायचं, ती जुळी देण्यात पटाईत. एक शेळी एका वेळेला पावशेर, फार तर अच्छेर दूध द्यायची. आजच्या गाईच्या मानानं हे हसण्यासारखं आहे. पण ज्या घरात दुसरं काहीच नाही त्या घरात सकाळचा चहा आणि एका तान्ह्या पोराची वाटी एवढ्यात भागत होती.

हे काम बायकांचं. आमच्या घरी आईनं कायम दोन शेरडं ठेवली, एक कधीच नाही. कारण विचाराल तर हिशोब साधा आहे. शेळी पाच महिन्यांनी विते, त्यानंतर तीन-चार महिने बरं दूध देते आणि आटते. एकच शेळी असली तर वर्षातले कितीतरी महिने घर कोरं. म्हणून एक आटायच्या आत दुसरी व्यायला पाहिजे. पहिला पाऊस पडून पाला फुटला की शेरडं माजावर येतात. तेव्हा एकच बोकडाला दाखवायची, ती दिवाळीच्या पुढं, थंडीत व्यायची. दुसरी मागं ठेवायची, ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला दाखवायची, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला व्यायची. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या सासूचं बघून आलं होतं. आता चौकटीच्या कागदावर याला नियोजन म्हणतात.

बोकड सगळ्या आळीत मिळून एकच. तो ज्याच्या दारात असेल त्याच्या घरातल्या दुधाला वास यायचा. उग्र वास येतो म्हणून शेळीच्या दुधाला नाव ठेवणाऱ्यांनी बोकड जवळ बांधलेल्या घरचं दूध प्यायलेलं असतं, किंवा धार काढून तासभर तसंच ठेवलेलं. बोकड लांब असला, कास पुसून धार काढली आणि दूध लगेच चुलीवर गेलं, तर चहात फरक कळत नाही. रात्री करडं डालग्याखाली झाकायची. शेळीला दोनच सड. आईची वाटणी ठरलेली, एक सड घराला, एक करडाला. जुळी झाली की घराचा वाटा पहिला महिनाभर बंद. तेव्हा आम्ही भावंडं करडांकडं रागानं बघायचो.

आता मुद्द्याचं सांगतो. त्या काळी आडवळणाच्या गावातून दूध बाजारात जात नव्हतं. नासणार ना. जायचं ते तूप होऊन, नाही तर खवा होऊन. शेळीच्या दुधावर साय जाड धरत नाही. त्यातली चरबी बारीक कणांची, दुधात मिसळून राहते, वर येत नाही. घुसळून लोणी काढायला बसलं तर हात दुखतील, हाताला लागेल थोडंसं. तूप नाही म्हणजे बाजार नाही. ज्याला बाजार नाही ते घरात राहतं आणि पोरं पितात. शेळीच्या दुधाचा सगळ्यात मोठा गुण हाच होता, की ते कुणी विकत घेत नव्हतं.

याचा खरा दाखला १९७२ च्या दुष्काळात मिळाला. मी तेव्हा शाळकरी पोरगा. आदल्या सालीही पाऊस धड नव्हता, त्या साली तर पाठच फिरवली. लोक मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी खात होते, पोरांना सुकडी मिळत होती, आयाबाया तळ्याच्या आणि नालाबंडिंगच्या कामावर. चारा नाही म्हणून बैल कवडीमोलानं गेले. काहींनी गाई छावणीत नेल्या, काहींनी दावं सोडून दिलं. शेरडांना आमच्याकडं छावणी नव्हती आणि त्यांना ती लागलीही नाही. बाभळीच्या शेंगा, बोराटीचा वाळका पाला, बांधावरचं काटेरी काय असेल ते. मागच्या दोन पायांवर उभं राहून शेळी जिथं तोंड घालते तिथं गाईची मान पोचत नाही. बायका शेरडू बरोबरच कामावर न्यायच्या, जवळच्या बाभळीला बांधायच्या. माझी धाकटी बहीण दीड वर्षाची होती. खडी फोडून आणि अर्धपोटी राहून आईचं दूध गेलेलं. बहिणीला दिवसाला वाटीभर शेळीचं दूध आणि मिलोची पेज. त्या साली आमच्या आळीत दोन तान्ही पोरं गेली. त्या दोन्ही घरांत शेरडू नव्हतं. शेरडामुळं आमची वाचली असं मी छातीठोक म्हणणार नाही, दुष्काळात माणूस कशाकशानं मरतो. पण आई जन्मभर तेच म्हणत राहिली.

दुष्काळ सरला आणि दुधाचं नवं राज्य आलं. देशात दूध महापूर योजना १९७० ला सुरू झाली होती. आमच्यापासून लांब नसलेल्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ ला बाएफ संस्था काढली आणि तिथून संकरित गाईचं वारं इकडच्या खेड्यांत पसरलं. यात एक गंमत आहे. उरुळीला मणिभाईंना बसवलं ते गांधीजींनी, १९४६ साली. आणि गांधीजी स्वतः शेळीचं दूध पिणारे. गाईम्हशींना फुंका घालून दूध काढतात हे कळल्यावर त्यांनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं. पुढं मोठं आजारपण आलं, डॉक्टर दूध घ्या म्हणाले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की शेळीच्या दुधाला तरी हरकत नसावी. गांधीजींनी ते घेतलं. पण व्रताचे शब्द तेवढे पाळले, आत्मा मोडला, ही टोचणी त्यांना राहिली, असं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. तर अशा माणसाच्या चेल्यानं गावोगाव दुधाळ गाई पोचवल्या. मी याला वाईट म्हणत नाही. आमच्या गावातली कितीतरी पोरं दुधाच्या पगारावर शिकली, घरांवर पत्रे आले, सावकाराचं दार सुटलं. ज्यांनी गाईखालचं शेण काढलंय त्यांना विचारा, तो पैसा फुकटचा नव्हता.

पण घरात काय झालं ते बघा. गाईची धार निघाली की कॅन थेट डेअरीत. फॅट लागली पाहिजे, डिग्री लागली पाहिजे, कर्जाचा हप्ता कापून घेणार, म्हणून लिटर न लिटर मापाला. ज्या घरात पाच लिटर दूध निघतंय त्या घरात पोरं कोरा चहा पिताना मी डोळ्यांनी पाहिली. आणखी एक. शेळी बाईची होती. करडू विकलं तर तो पैसा तिच्या कनवटीला, चोळीबांगडीला, माहेरी जायला, पोरीच्या वहीला. गाय आली ती बाप्याच्या नावच्या कर्जावर आली, पासबुक बाप्याचं, पगार बाप्याच्या हातात. शेण मात्र बाईच्याच वाट्याला राहिलं.

तेवढ्यात शेरडावर दुसरी गदा आली, ती चराईबंदीची. १९७५ नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंच्या पुढाकारानं आणि १९८९ नंतर हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं जे झालं ते सगळा महाराष्ट्र जाणतो. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. दोन्ही गावं आमच्या जवळची. उघडे बोडके डोंगर गवतानं भरले, विहिरींना पाणी आलं. ते बघून आजूबाजूच्या गावांनीही तोच ठराव केला. शेळी कोवळं रोप शेंड्यासकट खाते, ही गोष्ट खरी. झाड लावायचं तर तिला मोकळी सोडून चालत नाही. ठराव बरोबरच होता. फक्त ग्रामसभेत हात वर करणारे बहुतेक जमीनवाले होते. डोंगर हिरवा झाला, गवत कापून आणायला मोकळीक मिळाली, पण ते गवत गाईचं. शेळीला गवत नको, पाला पाहिजे. ज्याला बांध आहे त्याच्या बांधावर शेवरी-सुबाभूळ होती. ज्याला बांधच नाही त्यानं शेरडं बाजारात नेली. आमच्या आळीतल्या एका विधवा काकूंनी एका आठवड्यात चार शेळ्या विकल्या. त्यांच्या नातवंडांना पुढं दूध दुकानातून पिशवीचं आलं, तेही पाहुणा असेल तेव्हा.

त्यानंतर शेळीची गोष्ट निघाली ती मटणाची. फलटणच्या निंबकर संस्थेनं बोअर जातीची शेळी परदेशातून आणली, वजनात भारी. शिकलेली पोरं शेड बांधून शेळीपालनात उतरली. चांगलं आहे, धंदा आहे. पण त्यांच्याशी बोलताना दुधाचा विषय निघत नाही. दूध सगळं करडाला, कारण करडाचं वजन म्हणजे पैसा. बोकडाचं वजन तोंडपाठ असतं, शेळीला किती दूध आहे ते विचारलं तर माना हलवतात.

आमच्या घरी दोन शेरडं आजही आहेत, बांधून. सकाळी हादग्याचा नाही तर सुबाभळीचा पाला, दुपारी तुरीचं भुसकट, संध्याकाळी मूठभर भरडा. पाला खाली टाकत नाही, उंच टांगतो. तुडवलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, या बाबतीत ती श्रीमंतांच्या वरताण. आता पूर्वीसारखं कच्चं, धारोष्ण दूध मात्र कुणाला पिऊ देत नाही. गुरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की शेळीच्या कच्च्या दुधातून माल्टा ताप येतो, सांधे धरतो, महिनोन् महिने सोडत नाही. उकळी आली की भीती नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला नुसत्या शेळीच्या दुधावर ठेवायचं नाही, त्यानं अंगात रक्त कमी होतं, हेही त्यांनीच सांगितलं. जुन्या बायका बाळाला दुधासोबत पातळ पेज लवकर सुरू करायच्या, बहुधा अनुभवानंच.

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की पुण्याहून पाहुण्यांचे फोन येतात, शेळीचं दूध पाठवा म्हणून. ते काही त्याचं औषध नाही, दवाखान्यात जा, असं मी सांगतो. तरी कुणी ना कुणी बाटली घेऊन दारात येतंच. मागच्या साली तर एक जण गाडी घेऊन आला. शहरात शेळीच्या दुधाला गिऱ्हाईक आहे म्हणाला, गाईच्या दुप्पट दर देतो, आळीतल्या सगळ्या बायकांचं गोळा करून द्या. आळीत आता पुन्हा दहा-बारा घरी शेरडं झालीत, बांधलेली. ओट्यावर बायका जमल्या. कुणी म्हणालं देऊ, कुणी म्हणालं पोरांच्या तोंडचं कशाला. आमच्या वहिनींनी त्याला विचारलं, "पैसं कुणाच्या हातात देणार?" तो म्हणाला, खात्यावर. "कुणाच्या खात्यावर?" तो म्हणाला, तुम्ही सांगाल त्याच्या. मग ठरलं असं, की खातं बाईचंच पाहिजे आणि गाडी सकाळचीच धार नेईल. संध्याकाळची धार काढायला गाडीवाल्यानं पातेलं घेऊन उभं राहायचं नाही.

सध्या तसंच चालू आहे.