हवापालट

गेल्या वर्षी कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढताना मी आणि बाबा एकाच पायरीवर थांबलो. बाबा 58 वर्षांचे, तीस वर्षं सिगारेट ओढणारे. मी 28 चा, सहा वर्षं ओढणारा. आई केव्हाच वर पोचली होती आणि आम्हाला हाका मारत होती.

तोवर माझं एक सोयीचं गणित होतं. ऑफिसखालच्या टपरीवर दिवसाला सहा-सात सिगारेटी, आणि भरपाई म्हणून सकाळी पंधरा मिनिटं प्राणायाम. शिवाय पावसाळ्यात लोणावळ्याला हवापालट. तिथेही टायगर पॉइंटला चहाबरोबर एक पेटवायचीच.

अशी गणितं तपासून बघणारा माणूस लोणावळ्यातच होऊन गेला, हे मला नंतर कळलं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. 1924 साली त्यांनी तिथे कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. एक्स-रे आणि दाब मोजायची उपकरणं लावून ते योगक्रिया तपासत. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, हा समज तेव्हाही होता. प्राणायामाचं खरं मोल त्यात नाही, असं कुवलयानंदांनीच सांगितलं. आयुष्य योगाला दिलेल्या माणसाने हा सोयीचा दावा सोडून दिला. मी मात्र तोच धरून बसलो होतो.

फुप्फुसं मोजायची सोय त्याहून जुनी. 1846 मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सनने स्पायरोमीटरवरचं आपलं संशोधन छापलं. पाण्यात पालथं भांडं, त्यात नळीने फुंकायचं, भांडं जेवढं वर उचललं जाईल तेवढी तुमची हवा. दोन हजारांहून जास्त माणसांना त्याने फुंकायला लावलं. उंचीप्रमाणे हवा वाढते आणि वयाप्रमाणे घटते, हे त्यातून दिसलं.

सिगारेटने ही घट कशी बदलते, याचा सर्वांत गाजलेला आलेख 1977 चा. फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधल्या 792 पुरुषांची फुप्फुसं आठ वर्षं मोजली होती. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हा त्यातला मुख्य आकडा. तिशीनंतर तो सगळ्यांचाच दरवर्षी थोडा उतरतो, अंदाजे 30 मिलिलिटर. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी काहींचा मात्र दुप्पट किंवा त्याहूनही वेगाने. सोडल्यावर गेलेली हवा फारशी परत येत नाही. पण उतरण्याचा वेग पुन्हा न ओढणाऱ्यांइतका होतो. पंचेचाळिशीत सोडली तरी, पासष्टीत सोडली तरी.

कोडच्या भाषेत सांगायचं तर डेटा रिकव्हर होत नाही, पण लीक बंद करता येतो.

पायऱ्यांच्या प्रसंगानंतर मी टेस्ट केली. "नॉर्मलच्या काठावर आहात," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही अठ्ठावीसचे आहात." सोडून आता सात महिने झाले. प्राणायाम चालू आहे, पण आता भरपाई म्हणून नाही.

बाबा म्हणतात, "आता या वयात सोडून काय होणार?" मी त्यांना तो आलेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. साठीजवळ बोट ठेवून सांगितलं, बाबा, तुम्ही इथे आहात. इथूनही रेघ वळते. ते बराच वेळ स्क्रीन झूम करून बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या नवरात्रात परत जाऊ एकवीरेला."