खेकडाछाप कार्डाची कुळकथा

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा फायरवॉल करायचा आहे, नेटवर्क कार्ड कोणतं घेऊ, असं कुणाही जाणकाराला विचारा. तो पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर वापरणारा असो की ओपनसेन्स, उत्तर ठरलेलं असतं : इंटेलचं घ्या, रिअलटेकच्या वाटेला जाऊ नका. कारण विचारलं की बहुतेक जण ‘सगळे तेच सांगतात’ इथे येऊन थांबतात. सगळे तेच सांगतात हे खरं, पण पहिल्यांदा कुणी सांगितलं? माझं ठाम मत आहे की हा सल्ला १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये लिहिल्या गेलेल्या एका ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत, सुरुवातीच्या एका लांबलचक शेऱ्यात जन्मला.

आधीचा इतिहास थोडक्यात. इथरनेट १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून घडलं. १९८२ साली मेटकाफच्या थ्रीकॉम कंपनीने आयबीएम पीसीसाठी कार्ड काढलं. मग आलं नॉव्हेलचं एनई२०००. त्याची नक्कल इतक्या कंपन्यांनी केली की खोक्यावर ‘एनई२००० कम्पॅटिबल’ छापलेलं असलं की गिऱ्हाईक निश्चिंत होई. एकच ड्रायव्हर सगळ्यांना चाले. पीसीआय कार्डं आली तशी ही सोय संपत गेली. ज्याची त्याची चिप, ज्याचे त्याचे रजिस्टर. तेव्हापासून कार्ड चालेल का, या प्रश्नाचा खरा अर्थ ‘याचा ड्रायव्हर कुणी आणि कसा लिहिलाय’ असा झाला. पुढची सगळी कथा या एका बदलातून निघते.

रिअलटेक ही तैवानमधल्या शिंचूची, १९८७ साली स्थापन झालेली कंपनी. तिचं बोधचिन्ह खेकडा, आणि तो चिपवरही छापलेला असतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिने आरटीएल ८१३९ ही १०० मेगाबिटची स्वस्त चिप काढली आणि जगभरच्या कार्डांवर खेकडा पसरला. खोक्यावर नाव कुणाचंही असो, आत तोच. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारी डी-लिंकची डीएफई-५३८टीएक्स कार्डं याच चिपची. डी-लिंकच्या भारतीय कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्ण्याला आहे, त्यामुळे वेर्ण्याचा पत्ता आणि शिंचूचा खेकडा एकाच खोक्यात नांदत होते.

आता तो शेरा. बिल पॉल त्या वेळी कोलंबिया विद्यापीठात होता आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एकामागून एक नेटवर्क ड्रायव्हर लिहीत होता. थ्रीकॉम, व्हीआयए, डेकच्या ट्युलिप चिपच्या नकला असं बरंच काही त्याच्या हाताखालून गेलं. म्हणजे तुलना करण्याचा अधिकार त्याला होता. ८१३९ साठी त्याने ‘आरएल’ नावाचा ड्रायव्हर लिहिला, तो फ्रीबीएसडी ३.० मध्ये आला. फाइलीच्या सुरुवातीलाच त्याने निकाल देऊन टाकला : पीसीआयवरची ही बहुधा सर्वांत वाईट इथरनेट चिप असावी, एसएमसीच्या एका चिपचा अपवाद कदाचित सोडून.

हा निकाल नुसता राग नव्हे, त्यामागे कारणं आहेत. ही चिप प्रोसेसरला त्रास न देता थेट मेमरीत वाचू-लिहू शकते, पण तिची रचना अशी की तो फायदा हातचा जातो. पाठवायच्या बाजूला फक्त चार रजिस्टर, चार खिडक्यांच्या तिकीटघरासारखे. पाचवं पॅकेट आलं की त्याने थांबायचं. शिवाय प्रत्येक पॅकेट मेमरीत सलग हवं आणि चार बाइटच्या हद्दीवर सुरू व्हायला हवं. तसं ते क्वचितच असतं, म्हणून प्रोसेसरने आधी ते उचलून दुसरीकडे नीट मांडायचं. येणाऱ्या बाजूला आणखी वाईट परिस्थिती : एकच मोठा बफर, त्यात चिप पॅकेटं एकामागे एक ओतत जाते, आणि ती तिथून बाहेर काढायचं काम पुन्हा प्रोसेसरचं. १०० मेगाबिटचा खरा वेग हवा तर ४०० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू तरी पाहिजे, असं बिल पॉलचं म्हणणं.

याच ड्रायव्हरच्या मॅन्युअलमध्ये एक बारीक गोष्ट नोंदलेली आहे, ती मला या सगळ्या कथेचा गाभा वाटते. एक पॅकेट वाचून होतं न होतं तोच ड्रायव्हर पुढच्याकडे वळतो, आणि चिपने ते अजून अर्धंच ओतलेलं असू शकतं. अर्धं आहे हे ओळखायचं कसं? पॅकेटच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. तिथे ६५,५२० हा आकडा दिसला की समजायचं, माल अजून उतरतोय. साध्या इथरनेटची फ्रेम १,५१८ बाइटपुढे जात नाही, म्हणजे हा आकडा लांबी नव्हेच, ती खूण आहे. आणि ही खूण रिअलटेकच्या डेटाशीटमध्ये कुठेही दिलेली नव्हती. ज्याला हे ठाऊक नाही त्याचा ड्रायव्हर अर्धवट पॅकेट पुढे ढकलणार, आणि दोष चिपवर येणार.

हा शेरा फायरवॉलवाल्यांनीच का उचलला? कारण तो त्यांच्यावर दुहेरी लागू होतो. साध्या कॉम्प्युटरमध्ये पॅकेट आलं की काम संपलं. फायरवॉलमध्ये ते एका कार्डातून येतं आणि दुसऱ्यातून जातं. दोन्ही कार्डं ८१३९ ची असली तर येताना प्रोसेसरची एक उचलठेव, जाताना दुसरी. त्यात घरगुती फायरवॉल म्हणजे बहुतेकदा अडगळीत टाकलेला जुना पेंटियम. ४०० मेगाहर्ट्झ त्याच्याकडे कुठले? सर्वांत दुबळा प्रोसेसर आणि त्याच्यावर सर्वाधिक भार टाकणारी चिप, अशी ही जोडी जमायची.

पुढची वंशावळ सरळ आहे. २००३ साली स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कॅस्परने फ्रीबीएसडीवर मोनोवॉल हा फायरवॉल उभा केला, २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स फुटलं, २०१५ मध्ये पीएफसेन्समधून ओपनसेन्स. ड्रायव्हर वारशाने आले आणि मत ड्रायव्हरबरोबर आलं. यात फ्रीबीएसडीच्या एका सवयीचा मोठा हात आहे, असा माझा कयास आहे. लिनक्सवर कार्ड कोणतंही असो, अनेक वर्षं त्याचं नाव ‘ईटीएच शून्य’ असायचं. फ्रीबीएसडीत मात्र ड्रायव्हरचंच नाव लागतं : रिअलटेक असेल तर ‘आरएल शून्य’, इंटेल असेल तर ‘ईएम शून्य’. जोडणी तुटली की पडद्यावर थेट चिपचं कूळ दिसतं. बदनामी नावाला चिकटते, आणि इथे नाव सतत डोळ्यांसमोर होतं.

माझ्या या म्हणण्याविरुद्ध तीन मतं मांडली जातात. पहिलं : चिपच वाईट होती, शेऱ्याचा काय संबंध? पण तीच चिप लिनक्सवरही होती. नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या डोनाल्ड बेकरने तिचा ड्रायव्हर लिहिला, लोकांनी ती वर्षानुवर्षं वापरली, तरी लिनक्सवाल्यांत हा तिटकारा इतका मुरला नाही. दुसरं मत : इंटेल मुळात निर्दोष. हे टिकत नाही. २०१३ साली क्रिस्टियन कीलहोफनरने दाखवून दिलं की इंटेलच्या ८२५७४एल चिपच्या काही बोर्डांवर ठरावीक जागी ठरावीक बाइट असलेलं एकच पॅकेट आलं की कार्ड मरतं, आणि वीज बंद करून चालू केल्याशिवाय उठत नाही. मदरबोर्डवाल्याने मेमरी चुकीची भरली, असं इंटेलचं उत्तर होतं. पुढे आय२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या २.५ गिगाबिटवर अडखळल्या. इंटेलचं खरं बळ वेगळं आहे : फ्रीबीएसडीचा ‘ईएम’ ड्रायव्हर इंटेलने स्वतः दिला आणि सांभाळला, तर रिअलटेकचा ड्रायव्हर बाहेरचे लोक अपुऱ्या डेटाशीट वाचून लिहीत होते.

तिसऱ्या मताला मी अर्धे गुण देतो. ते म्हणतं की बदनामी नंतरच्या गिगाबिट चिपांनी कमावली. २००३ साली बिल पॉलनेच नव्या चिपांसाठी ‘आरई’ हा ड्रायव्हर लिहिला. चार रजिस्टरांची अडचण तिथे उरली नव्हती, शेऱ्यातले मूळ दोष निघून गेले होते. पण ८१११ या एकाच क्रमांकाखाली रिअलटेकने आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढल्या, आणि ‘वॉचडॉग टाइमआउट’ हा कार्ड अडकल्याचा संदेश घरोघरच्या फायरवॉलवर दिसू लागला. जुन्या निकालाला नवे साक्षीदार मिळाले. निकाल मात्र आधीच लागलेला होता. स्वित्झर्लंडच्याच पीसी इंजिन्सने घरगुती फायरवॉलसाठी लोकप्रिय झालेल्या आपल्या पहिल्या एपीयू बोर्डावर रिअलटेकच्या चिपा लावल्या होत्या, आणि एपीयू२ वर मुकाट्याने इंटेलच्या आणल्या. सल्ला एवढा वजनदार झाला होता.

८१३९ आजही मेलेली नाही. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्राममध्ये तिची हुबेहूब नक्कल आहे, कारण तिचा ड्रायव्हर जवळपास प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतो. सर्वांत वाईट म्हणून गाजलेली चिप सर्वांत कम्पॅटिबल ठरली.

तेव्हा कार्ड घेताना खोक्यावरचं नाव बाजूला ठेवा आणि चिपचा क्रमांक वाचा. पीसीआयच्या नोंदीत इंटेलचा विक्रेता क्रमांक ८०८६ आणि रिअलटेकचा १०ईसी असतो. ओपनसेन्स किंवा पीएफसेन्स चालवणार असाल तर इंटेलची आय२१०, आय३५० किंवा आय२२६ घ्या; आय३५० च्या बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, म्हणून विक्रेता खात्रीचा हवा. पदरी आधीच रिअलटेक असेल तर ते फेकू नका : ओपनसेन्समध्ये रिअलटेकच्या स्वतःच्या ड्रायव्हरचा प्लगइन मिळतो, तो बसवा, नाहीतर लिनक्सवरचं ओपनडब्ल्यूआरटी किंवा आयपीफायर वापरा. सल्ला अजूनही बरोबर आहे, पण तो खेकड्याविरुद्ध नाही. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी चिप बनवणाऱ्याने स्वतः ड्रायव्हर सांभाळलाय, तिच्यासाठी त्याचंच कार्ड घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ.