‘सर्व्हरवर टाकलंय’ म्हणून निश्चिंत आहात? शेअर्ड फोल्डर आणि बॅकअपमधला फरक समजून घ्या

अकोल्यातल्या जठारपेठेतलं सीएचं ऑफिस असो की एमआयडीसीतली दाल मिल, कॉम्प्युटर उघडला की सी आणि डी ड्राइव्हच्या खाली आणखी एक ड्राइव्ह दिसतो. बहुतेकदा त्याचं नाव असतं झेड. हिशेबाचा डेटा, ग्राहकांची कागदपत्रं, जुनी बिलं, सगळं त्यातच असतं. “सर्व्हरवर टाकलंय” म्हटलं की विषय संपला.

पण रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी तो ड्राइव्ह उघडला आणि एकही फाइल उघडेना, तर? जगातल्या सगळ्यात मोठ्या शिपिंग कंपन्यांपैकी एकीवर २०१७ मध्ये अशी वेळ आली होती, आणि त्याचा फटका थेट महाराष्ट्रातल्या बंदराला बसला.

झेड ड्राइव्ह असतो कुठे?

तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतोच. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका मशीनमधला तो एक फोल्डर असतो. हे मशीन म्हणजे मोठा सर्व्हर असू शकतो, साधा पीसी असू शकतो किंवा ‘नॅस’ असू शकतो. नॅस म्हणजे फक्त फाइल्स साठवण्यासाठी बनवलेला, नेटवर्कच्या वायरला जोडलेला डबा.

तुमचा कॉम्प्युटर आणि हे मशीन एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, तिला प्रोटोकॉल म्हणतात. विंडोजच्या जगात ही भाषा आहे एसएमबी. तिची सुरुवात आयबीएममध्ये १९८३ च्या सुमारास झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात सन मायक्रोसिस्टीम्सने १९८४ मध्ये आणलेलं एनएफएस चालतं. लिनक्सच्या मशीनला एसएमबी बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सांबा’ हे मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. आज अनेक नॅसच्या आत तेच असतं.

फाइल कोणी नुसती वाचायची आणि कोणी बदलायची, हे परवानग्यांवर ठरतं. छोट्या ऑफिसांत मात्र रोजची कटकट नको म्हणून ‘सगळ्यांना सगळं’ अशी परवानगी दिलेली असते. धोक्याची सुरुवात इथूनच होते.

जेएनपीटीत काय झालं होतं?

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये ‘एमईडॉक’ नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर घरोघरी नाही, पण ऑफिसोऑफिसी वापरलं जायचं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सोडला. तो कंपन्यांच्या अंतर्गत नेटवर्कमधून पसरत गेला आणि डॅनिश शिपिंग कंपनी मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणा बंद पडल्या. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल याच समूहाकडे होतं. तिथलं कामकाज कोलमडलं आणि कंटेनरची कामं हाताने करावी लागली.

व्हायरस पसरला कसा? एक रस्ता होता एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीचा. त्याच वर्षी १२ मे रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’ने हीच त्रुटी वापरून सुमारे १५० देशांत धुमाकूळ घातला होता. खरंतर मायक्रोसॉफ्टने तिच्यावरचा उपाय १४ मार्चलाच दिला होता. तो ज्यांनी टाकला नाही, ते सापडले.

दुसरा रस्ता जास्त बेरकी होता. नॉटपेट्या कॉम्प्युटरच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड चोरायचा आणि अ‍ॅडमिन लोक रोज वापरतात तीच टूल्स वापरून पुढच्या मशीनवर जायचा. त्यामुळे अपडेट केलेली मशीनंही सुटली नाहीत.

१५० कॉपी होत्या, तरी काय उपयोग?

कोणाचं लॉगिन काय आणि कोणाला कसली परवानगी, ही माहिती मर्स्ककडे सुमारे १५० सर्व्हरवर होती. ते सगळे एकमेकांशी सतत सिंक होत. एक बंद पडला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. पण व्हायरसने जवळपास सगळेच एकदम पुसले. वाचला तो घानामधला एक सर्व्हर. कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता!

त्या एका कॉपीच्या आधारावर पुढची उभारणी झाली. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. नुकसान होतं २५ ते ३० कोटी डॉलर्सचं.

यातला धडा छोट्या ऑफिसलाही तसाच लागू होतो. नॅसमध्ये दोन डिस्क असतात आणि दोन्हींवर एकच डेटा लिहिला जातो. याला रेड म्हणतात. एक डिस्क जळाली तर रेड वाचवतं. पण कोणी चुकून फोल्डर डिलीट केला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो.

मग स्क्रिप्टचं काम काय?

रोज रात्री आठवणीने कॉपी करणं माणसाला जमत नाही. दोन दिवस होतं, तिसऱ्या दिवशी लग्न निघतं. म्हणून अ‍ॅडमिन स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची, एकाखाली एक लिहिलेली यादी. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ आणि लिनक्समध्ये ‘आरसिंक’ हे हुकूम फक्त बदललेल्या फाइल्स उचलू शकतात. विंडोजचा टास्क शेड्युलर किंवा लिनक्सचा क्रॉन ती यादी ठरलेल्या वेळी चालवतो.

इथे एक चूक नेहमी होते. रोबोकॉपीत ‘मिरर’चा पर्याय आहे. तो आरशासारखा वागतो, म्हणजे मूळ फोल्डरमधून जे गेलं ते कॉपीतूनही पुसतो. व्हायरसने फाइल्स खराब केल्या असतील, तर रात्री खराब फाइल्सच चांगल्या कॉपीवर जाऊन बसतात. म्हणून स्क्रिप्टने रोज त्या तारखेच्या नावाचा वेगळा फोल्डर बनवावा. काय कॉपी झालं आणि काय अडलं, याची नोंदही एका फाइलमध्ये ठेवावी.

कायदा काय म्हणतो?

कंपनी म्हणून नोंदणी असेल आणि हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२२ मधल्या बदलाआधी नियमात ‘ठरावीक काळाने’ असे शब्द होते, आता ‘दररोज’ आहे. शिवाय रॅन्समवेअरसारखा हल्ला झाला, तर लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावं लागतं.

उद्या ऑफिसला गेल्यावर काय तपासायचं?

१. एसएमबीची पहिली आवृत्ती चालू आहे का? असेल तर बंद करा. २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती मुळात येतच नाही, पण जुना स्कॅनर किंवा जुना पीसी चालावा म्हणून कोणीतरी ती चालू केलेली असते.

२. ‘सगळ्यांना सगळं’ ही परवानगी काढा. बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क फक्त स्क्रिप्टच्या वेगळ्या खात्याला द्या.

३. तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर. आठवड्याची एक कॉपी अशा डिस्कवर घ्या, जी काम झालं की वायर काढून कपाटात जाते.

४. सर्व्हरची जागा बघा. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हामुळे कलम १४४ लावावं लागलं होतं. सर्व्हरसाठी सुचवलेलं तापमान आहे १८ ते २७ अंश. टिनाच्या शेडखालच्या बंद केबिनमध्ये हे गणित बसत नाही. यूपीएसची बॅटरीही तपासा, कारण फाइल लिहिली जात असताना लाइट गेली तर ती अर्धवट राहू शकते.

५. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी जुनी फाइल उघडून बघा. उघडली, तरच तो बॅकअप.