किरायाच्या घरातली मोरी: दुरुस्ती कोणाची, हा प्रश्न इतिहासाचा कसा होतो?

पीएच.डी.साठी विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांना मी हल्ली एक छोटं कोडं घालते. तुम्हीही सोडवून बघा.

समजा, यवतमाळात आर्णी रोडला एक कुटुंब किरायाने राहतंय. घरमालकानं दिलेल्या संडासात खाली बसायचं साधं भांडं होतं. घरातल्या आजीचे गुडघे गेले, म्हणून किरायेदारानं स्वतःच्या खर्चानं भांडं काढून कमोड बसवला, फरशी उकरून पाइप फिरवला. मालकाला विचारलं होतं. तो म्हणाला, 'करा तुमच्या सोयीनं.' तीन वर्षांनी पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. प्लंबर सांगतो, जोड गळतोय. आता खर्च कोणी करायचा?

निम्मे विद्यार्थी म्हणतात, ज्यानं बदललं त्यानं. उरलेले म्हणतात, घर ज्याचं त्यानं. दोन्ही उत्तरांमागे कायद्याचा बराच जुना इतिहास आहे आणि आपल्या जिल्ह्यात तो मुंबई-पुण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं आलेला आहे. त्या वेगळ्या वाटेसाठीच हा लेख. (मी इथे 'किरायेदार' हाच शब्द वापरते. कायद्याच्या मराठीत 'भाडेकरू' असतो, पण आपल्याकडे घर किरायानेच मिळतं.)

सुरुवात १८८२ पासून करू. त्या वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ म्हणजे मालक आणि किरायेदार यांच्या हक्क-कर्तव्यांची यादी. ती वाचताना पहिलं वाक्य गाळू नका: वेगळा करार किंवा स्थानिक वहिवाट नसेल, तरच पुढचं सगळं लागू. म्हणजे हा कायदा स्वतःच सांगतो की आधी करार बघा, गावची रीत बघा, मग माझ्याकडे या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठं आमंत्रण काय हवं?

यादीतल्या चार गोष्टी आपल्या कोड्याला थेट भिडतात. खंड (एम) म्हणतो, घर ज्या स्थितीत मिळालं त्या स्थितीत राखायचं आणि सोडताना तसंच परत करायचं. वापरानं होणारी रास्त झीज आणि न टाळता येणारी आपत्ती यांची सूट आहे. याच खंडात पुढे असंही आहे की किरायेदाराच्या कृतीनं किंवा हयगयीनं दोष निर्माण झाला आणि मालकानं तशी नोटीस दिली, तर तीन महिन्यांत तो दोष किरायेदारानं दुरुस्त करायचा. खंड (एच) नुसार किरायेदारानं बसवलेली वस्तू ताबा असेपर्यंत त्याला काढून नेता येते, फक्त जागा मिळाली होती तशी करून द्यावी लागते. खंड (पी) म्हणतो, मालकाच्या संमतीशिवाय पक्कं बांधकाम करायचं नाही. शेतीच्या कामासाठी असेल तर वेगळं. आणि खंड (एफ): जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्यानं नोटीस देऊनही रास्त मुदतीत केली नाही, तर किरायेदारानं ती करून खर्च व्याजासह किरायातून वळता करावा.

विद्यार्थी इथेच घसरतात. (एफ) वाचून ते लिहून मोकळे होतात की १८८२ पासून दुरुस्ती मालकावर होती. पण वाक्य पुन्हा वाचा. 'जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती.' बांधील कशानं? करारानं, किंवा वहिवाटीनं. घर दुरुस्त ठेवण्याचं सरसकट कर्तव्य हा कायदा मालकावर टाकतच नाही. १८८२ च्या कायद्यात मोरी आणि संडास कुणाच्या मनात असणार?

आता वऱ्हाडाचा फाटा. १८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं घेतलं गेलं आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. पण नावाला मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप येत नसत, वेगळ्या आदेशानं लागू करावे लागत. म्हणून वऱ्हाडातला कुठलाही जुना दावा वाचताना आधी विचारा, त्या साली तो कायदा इथे लागू होता का? शोधतानाही सावध राहा. १९०५ पूर्वी आजच्या यवतमाळचा बराचसा भाग इंग्रजी कागदांत 'वूण' जिल्हा म्हणून येतो (म्हणजे आपलं वणी), आणि पुसद तर तेव्हा बाशिम जिल्ह्यात होतं. 'यवतमाळ' टाकून शोधाल आणि काहीच नाही म्हणून परत याल.

आहे कसं ना, सगळी गंमत हा संपूर्ण भाग पट्ट्यावर घेतलेला असण्यात आहे. इंग्रज सरकार स्वतःच वऱ्हाडाचं किरायेदार!

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरांची टंचाई झाली आणि किराया नियंत्रण आलं. आपल्याकडे १९४६ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा कायदा आणि त्याखालचा १९४९ चा घरं किरायाने देण्याबाबतचा नियंत्रण आदेश. मुंबई इलाख्याचा १९४७ चा कायदा वेगळा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी मुंबईचा किराया कायदा इथे आला नाही. १९४९ चा आदेशच चालू राहिला, थेट ३१ मार्च २००० पर्यंत. पन्नास वर्षं! त्यामुळे दादरच्या चाळीवर लिहिलेलं पुस्तक वाचून दारव्ह्याच्या वाड्याबद्दल निष्कर्ष काढू नका. दादरच्या भाडेकरूला दुरुस्तीबद्दल जे संरक्षण त्याच्या कायद्यात होतं, ते वाचून तुम्ही दारव्ह्याचं काहीच सिद्ध करत नाही.

१९४९ च्या आदेशाची रचना दोन पायऱ्यांची होती. मालकाला घर खाली करून हवं असेल, तर आधी १३ व्या खंडाखाली रेंट कंट्रोलरची परवानगी, मग हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची नोटीस आणि मग दिवाणी दावा. परवानगीच्या कारणांत थकबाकी होती, पोटकिरायेदार ठेवणं होतं, मालकाची स्वतःची गरज होती, आणि आणखी एक होतं: घर खाली केल्याशिवाय करता येणार नाही अशी आवश्यक दुरुस्ती किंवा बदल. म्हणजे दुरुस्ती हे घर खाली करून घेण्याचं कारण होऊ शकत होतं. आता किरायेदाराच्या जागी स्वतःला ठेवा. भिंत ओली आहे, मोरीचं पाणी मुरतंय. तक्रार केली तर मालकाच्या हाती आयतं कारण द्यायचं. अशा वेळी माणूस काय करतो? गप्प बसतो, नाहीतर स्वतः गवंडी बोलावून डागडुजी करून घेतो. म्हणून दप्तरात तक्रार नाही यावरून घर धड होतं असं समजू नका. आणि हो, या भांडणांचे कागद दोन ठिकाणी विभागलेले असतात. परवानगीचे महसूल खात्याकडे, दाव्याचे दिवाणी न्यायालयाकडे. एकच गठ्ठा वाचून गोष्ट अर्धीच कळते.

आता खुद्द संडासाकडे येऊ, कारण किरायाच्या घरात सगळ्यात मोठा बदल इथेच झाला आणि तो आजींच्या गुडघ्यांसाठी नव्हता.

जुन्या वाड्यांत संडास मागच्या बाजूला, सफाई गल्लीला लागून असे. खाली टोपली किंवा डबा आणि तो रोज उचलणारी माणसं एका ठरावीक जातीतली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं नेमलेल्या बर्वे समितीनं १९५२ मध्ये या कामगारांच्या स्थितीवर अहवाल दिला, १९६० मध्ये केंद्राच्या मलकानी समितीचा आला. त्यांत भर आधी होता तो हत्यारं सुधारण्यावर: डोक्यावरून न्यायच्या ऐवजी ढकलगाडी, झाकणाचे डबे. टोपलीचा संडास बांधणं आणि ठेवणं हा गुन्हा ठरायला १९९३ चा कायदा यावा लागला. ज्या सहा राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवर तो संसदेनं केला त्यांत महाराष्ट्र होता. अंमल सुरू झाला तो २६ जानेवारी १९९७ ला.

पण टोपलीचा संडास फ्लशचा करायचा म्हणजे जमीन उकरणं, भांडं बसवणं, सेप्टिक टाकी (आपल्याकडे सरळ 'सेफ्टी टँक') बांधणं. हे पक्कं बांधकाम. किरायेदारानं केलं तर (पी) मध्ये अडकणार. मालक करायला तयार नाही, कारण किराया नियंत्रणामुळे जुनाच आहे, खर्च वसूल कधी होणार? दोघंही आपापल्या जागी हिशोबी, आणि त्या हिशोबाची किंमत तिसराच माणूस रोज सकाळी गल्लीतून येऊन मोजतोय. मालक-किरायेदाराच्या कागदांत त्याचं नाव कुठेच येत नाही. मला विचाराल तर आपल्या विषयाचा खरा गाभा हाच आहे. 'दुरुस्ती कोणाची' हा प्रश्न दोन पक्षांचा मानून वाचला की तो माणूस दिसेनासा होतो.

२०१३ च्या कायद्यानं ही कोंडी कशी फोडली ते बघा. अस्वच्छ संडास पाडायचा किंवा स्वच्छ प्रकारचा करायचा, ही जबाबदारी 'भोगवटादारा'वर, स्वतःच्या खर्चानं. भोगवटादार म्हणजे त्या वेळी जागेत राहणारा. एकाहून जास्त भोगवटादार असतील आणि त्यांत मालक स्वतः राहत असेल, तर जबाबदारी मालकाची. नाहीतर सगळ्यांची एकत्र आणि प्रत्येकाची वेगळीही. सरकारी मदत मिळाली नाही ही सबब चालणार नाही, असंही त्यात आहे. म्हणजे मालक नागपुरात आणि वाडा चार किरायेदारांच्या ताब्यात असेल, तर खर्च चौघांवर. सफाई कामगाराच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच आहे, कारण मालक सापडेपर्यंत त्यानं का थांबावं? पण १३० वर्षं 'पक्कं बांधकाम करू नको' ऐकलेल्या किरायेदाराला आता कायदाच सांगतो की उकर आणि बांध.

२००० पासून आपण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली आलो. यवतमाळच्या किरायेदारासाठी कलम १४ महत्त्वाचं. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक. त्यानं हयगय केली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन किरायेदार दुरुस्ती करू शकतो आणि खर्च किरायातून कापू शकतो, मात्र वर्षभरात वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. पण कलम १६ म्हणतं, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलंत तर घर जाऊ शकतं. त्याखालच्या स्पष्टीकरणात काय पक्कं मानायचं नाही याची यादी आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं. ओटा आहे, धुराडं आहे. मोरी नाही, संडास नाही. घराच्या ज्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त दुरुस्ती निघते तोच यादीत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मग कमोड पक्कं बांधकाम का? सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये वेंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या मुंबईच्या खटल्यात कसोट्या मांडल्या आहेत: बसवणाऱ्याचा हेतू, वस्तू इमारतीला किती आणि कशी जोडली आहे, मोठं नुकसान न करता काढता येते का, आकार, उद्देश, सामान कुठलं. म्हणजे उत्तर प्रत्येक घरी वेगळं. सुटं वॉश बेसिन आणि फरशी फोडून फिरवलेला पाइप यांना एकच उत्तर मिळणार नाही.

आता आपलं कोडं. मालकानं दिलेला पाइप जुना होऊन गळला असता तर ती झीज, कलम १४ खाली मालकाकडे. पण गळतोय तो किरायेदारानं नव्यानं केलेला जोड. दोष त्याच्या कृतीतून आलेला, म्हणून दुरुस्तीही त्याचीच. शिवाय भिंतीची ओल. आणि 'करा तुमच्या सोयीनं' हे तोंडी वाक्य? बांधकाम पक्कं ठरलं तर कलम १६ ला लेखी संमती लागते. भांडणाच्या दिवशी त्या वाक्याला किती वजन राहील, तुम्हीच ठरवा. अर्थात हे सगळं वेगळा करार नसेल तर, आणि घर खरोखर किरायापट्ट्यावर असेल तर. हल्लीचे बहुतेक कागद अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'चे असतात. परवाना असेल तर कलम १०८ ची यादी लागूच होत नाही, कागदात काय लिहिलंय ते बघावं लागतं.

केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यात ही वाटणी नळाच्या वॉशरपर्यंत उतरली आहे. पाइप बदलणं मालकाकडे. वॉशर आणि नळ, नाली साफ करणं, संडासाच्या भांड्याची, बेसिनची, गीझरची आणि बाथटबची दुरुस्ती किरायेदाराकडे. बाथटब! यादी कुठल्या शहराकडे बघून केली हे त्या एका शब्दातून कळतं. हा नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण त्यामागचा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये १९५३ च्या वॉरेन विरुद्ध कीन खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी असंच म्हटलं होतं की आपल्याच कचऱ्यानं तुंबलेलं सिंक मोकळं करण्यासारखी बारीकसारीक कामं राहणाऱ्यानं करावीत, मोठी दुरुस्ती त्याच्या गळ्यात घालू नये.

यावर काम करायचं असेल तर कुठून सुरू कराल? मी नगरपरिषदेच्या कर आकारणीपासून सुरू करायला सांगेन. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात घराचं करयोग्य मूल्य काढताना अपेक्षित वार्षिक किरायातून दहा टक्के वजा करतात, आणि ही वजावट दुरुस्तीच्या बदल्यात आहे असं कायदा स्पष्ट सांगतो. म्हणजे नगरपरिषद दरवर्षी धरून चालते की दुरुस्तीवर खर्च होतो. एका गल्लीतली दहा घरं निवडा. ही वजावट, त्या घरांचे दिवाणी दावे आणि संडास कधी बदलला याची तिथल्या बायकांनी सांगितलेली आठवण शेजारी शेजारी ठेवा. बायकांना विचारायला विसरू नका. मोरी कधी फुटली आणि पैसे कोणी दिले, हे त्यांना सालासकट आठवतं.