लहरींच्या वाटणीतील ओळखीचा प्रश्न

सामाईक रेडिओ-लहरींच्या सुरक्षिततेचा इतिहास बहुधा अडथळे व त्यांवरील उपाय यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्याच्या मुळाशी एक अधिक जुना प्रश्न आहे : कानी आलेला संकेत कोणाचा, हे ऐकणाऱ्याने कशावरून ठरवावयाचे?

४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हा प्रश्न भर सभेत उभा राहिला. मार्कोनी यांनी १९०० साली ७७७७ क्रमांकाचे पेटंट घेतले होते. यंत्रे ठराविक कंप्रतेशी जुळविली म्हणजे परक्या संदेशांचा उपद्रव होत नाही, असा त्यांच्या पक्षाचा दावा होता. फ्लेमिंग यांच्या व्याख्यानाच्या वेळी, नियोजित संदेश येण्यापूर्वीच, मार्कोनींची टवाळी करणारी पद्ये यंत्रावर उमटू लागली. ती पाठविणारे होते जादूगार नेव्हिल मॅस्केलिन.

पुढे राज्यसंस्थांनी ही ओळख कायद्याने बांधली. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने प्रक्षेपणास परवाना आवश्यक ठरविला. मात्र परवान्याने राखलेले पट्टे अनेक ठिकाणी रिकामे राहू लागले. १९९९ मध्ये जोसेफ मिटोला व जेराल्ड मॅग्वायर यांनी कॉग्निटिव्ह रेडिओची, म्हणजे परिस्थिती जाणून आपले वर्तन बदलणाऱ्या रेडिओची, कल्पना मांडली. तीवर आधारलेल्या वाटणीचा नियम असा : अधिकृत वापरदार गप्प असेल तेव्हा बोलावे, तो परतताच जागा सोडावी.

या सौजन्यातच धोका होता. दूरचित्रवाणीच्या संकेताचे हुबेहूब अनुकरण करणारा तोतया, गोंगाट न करताही, इतरांना पट्ट्याबाहेर घालवू शकतो, हे रुइलियांग चेन व जुंग-मिन पार्क यांनी २००६ मध्ये दाखविले. चिन्हाच्या रूपावरून वक्ता सिद्ध होत नाही, ही भाषाभ्यासकास परिचित असलेली गोष्ट येथे यंत्रांनाही लागू पडली. म्हणून त्यांनी सुचविलेला उपाय संकेताच्या रूपाऐवजी त्याचे उगमस्थान तपासण्याचा होता. कारण मनोऱ्याची जागा ठाऊक असते.

अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २००८ मध्ये दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांसाठी श्रवण व नोंदवही ही दोन्ही साधने आवश्यक मानली होती. २०१० मध्ये नोंदवही वापरणाऱ्या उपकरणांना श्रवणाची अट उरली नाही. केवळ सुरक्षिततेसाठी हे झाले, असे म्हणता येणार नाही. तथापि विश्वासाचे स्थान कानाकडून दप्तराकडे सरकले, आणि उपकरणाने सांगितलेले स्वतःचे ठिकाण खरे काय, ही नवी शंका निर्माण झाली.

दप्तराचीही मर्यादा लवकरच दिसली. २०१५ मध्ये ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्रिस्तरीय वाटणीस खुला झाला. तेथील अग्रहक्क नौदलाच्या रडारांचा. पण युद्धनौकांच्या हालचाली नोंदवहीत आगाऊ लिहिणे हेच असुरक्षित. म्हणून किनाऱ्यावर श्रवणयंत्रे बसवावी लागली, आणि टाकून दिलेला कान परत आला.

यावरून, ओळखीचा पुरावा प्रत्येक व्यवस्थेने कोठे ठेवला आणि तो खोटा पाडणे कोणास शक्य होते, हे पाहिल्यावाचून या इतिहासाचा अर्थ लागणार नाही.