डेरीच्या तटावरून

आयर्लंड बेटाच्या वायव्य कोपऱ्यात फॉइल नदीच्या काठी एक जुने शहर आहे. त्याचे नाव काय, हा प्रश्न तेथे जपून विचारावा लागतो. कागदोपत्री ते ‘लंडनडेरी’ आहे. परंतु तेथील बहुसंख्य रहिवासी त्याला नुसते ‘डेरी’ म्हणतात, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर ‘लंडन’ या अक्षरांना कोणीतरी रंग फासून ठेवलेला आढळतो. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ओकवृक्षांची राई. सहाव्या शतकात संत कोलंबा याने या राईत मठ स्थापला, अशी परंपरा आहे. पुढे १६१३ साली इंग्लंडच्या राजाने सनद देऊन हे ठिकाण लंडनच्या व्यापारी संघांच्या हवाली केले, तेव्हा जुन्या नावाच्या डोक्यावर ‘लंडन’ येऊन बसले. १९८४ साली नगरपालिकेने स्वतःच्या नावातून तो शब्द काढून टाकला, पण शहराच्या कायदेशीर नावातून तो अद्याप गेलेला नाही. नामांतराचे वाद आपल्याला नवे नाहीत. म्हणून या भांडणाला आपण तरी हसू नये. नावाच्या वादात नावापेक्षा पुष्कळ अधिक काही दडलेले असते.

या शहराचा इतिहास ग्रंथांतून वाचता येतो, तसा पायी हिंडूनही वाचता येतो. शहराचे मध्ययुगीन थाटाचे नगरभवन आहे, त्याला गिल्डहॉल म्हणतात. त्याच्या आसपासून तेथील वाटाडे पाहुण्यांच्या टोळ्या घेऊन निघतात आणि तटाला फेरी घालून आणतात. अशाच एका टोळीतून आम्ही हिंडलो. ज्या गावात एकाच दगडाला दोन समाज दोन अर्थ देतात, तेथे परक्याला इतिहास सांगणारा मनुष्य काय सांगतो आणि काय गाळतो, हे आम्हाला पाहावयाचे होते. आमचा वाटाड्या तटाखालच्या बॉगसाइड नावाच्या कॅथलिक वस्तीत वाढलेला होता, आणि ही गोष्ट त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकली. हा त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला. इतिहास सांगणाऱ्याने आपण कोठे उभे राहून बोलत आहोत हे आधी सांगावे. मग ऐकणाऱ्याला हिशेब मांडता येतो.

तटाची फेरी सुमारे दीड किलोमीटरची आहे. १६१३ ते १६१८ या काळात लंडनकरांनी तो बांधला. आयरिश सरदार देश सोडून गेल्यावर अल्स्टर प्रांतातील जमिनी जप्त झाल्या, आणि त्यांवर इंग्लंड-स्कॉटलंडमधून प्रॉटेस्टंट लोक आणून वसवण्यात आले. त्या वसाहतीचे रक्षण हे या तटाचे काम. तो इतका रुंद आहे की काही ठिकाणी त्यावरून बैलगाडी सहज जाईल. जुन्या तोफा आजही झरोक्यांतून बाहेर तोंड करून बसल्या आहेत. मूळचे दरवाजे चार. नंतर आणखी तीन पाडले गेले. तट शत्रूला कधीच फोडता आला नाही, याचा तेथील प्रॉटेस्टंट समाजाला फार अभिमान आहे.

फेरीक्वे दरवाजावर आल्यावर वाटाड्या थांबला. १६८८ च्या डिसेंबरात कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या बाजूचे सैन्य शहरात येऊ लागले, तेव्हा वडीलधारी मंडळी काय करावे याचा खल करीत बसली. आणि उमेदवारी करणाऱ्या तेरा पोरांनी किल्ल्या हिसकावून दरवाजा लावून टाकला. पुढच्या एप्रिलात स्वतः जेम्स तटापुढे आला. त्याला गोळीबाराने उत्तर मिळाले. मग वेढा पडला, तो १०५ दिवस चालला. आसपासची माणसे आश्रयाला आल्यामुळे शहर खच्चून भरलेले होते. गडकोटांचा वेढा म्हणजे काय, हे महाराष्ट्राला समजावून सांगावे लागत नाही. घोडी संपली, मग कुत्री, मांजरे आणि उंदीर यांचे भाव ठरू लागले. रोगराईने आणि उपासमारीने हजारो माणसे मेली. शत्रूने फॉइल नदी आडव्या ओंडक्यांनी अडवली होती. जुलैच्या अखेरीस ‘माउंटजॉय’ आणि ‘फीनिक्स’ ही गलबते तो अडसर तोडून धान्य घेऊन आत आली, आणि वेढा उठला. तटाच्या आत १६३३ साली पुरे झालेले सेंट कोलंब्स कॅथीड्रल आहे. शरणागतीच्या अटी घालून शहरात टाकलेला पोकळ तोफगोळा आणि दरवाजांची जुनी कुलपे तेथे जपून ठेवली आहेत.

या वेढ्यात एक पात्र असे आहे की त्याचे नाव आजही शिवीसारखे वापरले जाते. रॉबर्ट लंडी हा शहराचा सेनाधिकारी. शहर टिकाव धरणार नाही, असे त्याचे मत होते. लोक खवळले, आणि तो साध्या शिपायाच्या वेषात निसटला. तेव्हापासून तो देशद्रोही ठरला. दर डिसेंबरात प्रॉटेस्टंट संघटना त्याचा मोठा पुतळा करून जाळते, आणि तडजोडीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्याला ‘लंडी’ म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक त्या वेळची रसद आणि तटाची अवस्था पाहता त्याचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. तो चुकला हे खरे. पण चुकणे आणि फितूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटाड्याने हा भेद आवर्जून केला. लंडी त्याच्या समाजाचा नव्हे. तरीही त्याने त्याला न्याय दिला. येथपासून आम्ही त्याच्याकडे अधिक लक्षपूर्वक पाहू लागलो.

बिशप्स दरवाजाच्या बाहेर फाउंटन नावाची लहानशी प्रॉटेस्टंट वस्ती आहे. रस्त्याच्या कडेचे दगड ब्रिटिश निशाणाच्या तिन्ही रंगांत रंगवलेले, आणि आमचा वेढा अजून उठलेला नाही अशा अर्थाची घोषणा भिंतीवर लिहिलेली. नदीच्या या काठावरून गेल्या अर्धशतकात बहुतेक प्रॉटेस्टंट कुटुंबे उठून पलीकडे गेली. ही उरलेली मंडळी तटाला आपला पाठीराखा मानतात. तेथून थोडे पश्चिमेला गेले की रॉयल बुरुज येतो. वेढ्यातील नेता जॉर्ज वॉकर याचा उंच स्तंभ तेथे उभा होता. तो १९७३ साली आयरिश रिपब्लिकन आर्मीने सुरुंग लावून उडवला. आता नुसता चौथरा आहे. चौथऱ्याजवळ उभे राहून खाली पाहावे, तो बॉगसाइड पायांशी पसरलेले दिसते. पूर्वी ही दलदलीची जमीन होती; तटाच्या आत ज्यांना थारा नव्हता, ते कॅथलिक येथे वसले. दीडशे वर्षे वॉकरचा स्तंभ त्यांच्या घरांकडे पाहत होता. तटावर एक समाज स्वतःला कोंडलेला समजत होता, आणि तटाखाली दुसरा स्वतःला दडपलेला समजत होता. दोघांच्या मध्ये अंतर दगड भिरकावण्याइतके.

परंतु दोघांच्या भावना सारख्याच तीव्र होत्या, एवढे सांगून इतिहासकाराचे काम संपत नाही. खालच्या वस्तीची तक्रार आकड्यांनी सिद्ध होणारी होती. १९६७ साली नगरपालिकेच्या मतदारांत कॅथलिक १४,४२९ होते आणि इतर ८,७८१. असे असता सत्ता मात्र युनियनिस्टांची, म्हणजे ब्रिटनशी संयोग टिकवू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या पक्षाची. ही किमया वॉर्डांच्या आखणीत होती. दक्षिण वॉर्डात १०,०४७ कॅथलिक मतदार कोंबले होते, आणि त्याला जागा ८. उत्तर वॉर्डात एकंदर मतदार साडेसहा हजारांच्या आत, पण बहुमत दुसऱ्या बाजूचे. त्यालाही जागा ८. नदीपलीकडच्या वॉर्डाला ४. बेरीज केली की १२ विरुद्ध ८! शिवाय नगरपालिकेचे मत घरमालकाला किंवा घराच्या मुख्य भाडेकऱ्याला व त्याच्या जोडीदाराला. पोटभाडेकऱ्याला आणि घरातल्या सज्ञान मुलांना ते नव्हते. घर म्हणजे मत. म्हणून नगरपालिका कॅथलिकांना घरे देताना हात आखडता घेई, आणि दिली तर दक्षिण वॉर्डातच देई. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे का राहत होती, याचे उत्तर या बेरजेत आहे.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी नदीपलीकडच्या ड्यूक स्ट्रीटवर नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. त्यावर पोलिसांनी केलेला लाठीमार कॅमेऱ्याने टिपला आणि जगाने पाहिला. पुढच्याच वर्षी ती नगरपालिका बरखास्त झाली आणि मताचा नियमही बदलण्यात आला. पण तोवर उशीर झाला होता. ऑगस्ट १९६९ मध्ये बॉगसाइडात तीन दिवस दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आले.

आम्ही दरवाजातून खाली उतरलो. घरे केव्हाच पाडली गेली, पण एका घराची पांढरी भिंत तेवढी शिल्लक आहे. येथून पुढे मुक्त डेरी सुरू होते, असा मजकूर १९६९ सालापासून तिच्यावर आहे. तिच्या आसपास ३० जानेवारी १९७२ ची जागा. विनाचौकशी स्थानबद्धतेविरुद्ध निघालेला मोर्चा गिल्डहॉलसमोरच्या चौकात जावयाचा होता. सैन्याने वाट अडवली, आणि पॅराशूट पलटणीच्या गोळीबारात १३ माणसे ठार झाली. जखमी झालेला आणखी एक जण काही महिन्यांनी वारला. मेलेल्यांपैकी सहा जण अवघे सतरा वर्षांचे होते. सरन्यायाधीश विजरी यांनी डेरीपासून दूर, कोलरेन गावी चौकशी केली आणि अकरा आठवड्यांत अहवाल दिला. सैनिकांवर आधी गोळ्या झाडल्या गेल्या, असे त्यात मानले होते, आणि मृतांवर हत्यारे बाळगल्याच्या संशयाची छाया ठेवली होती. माणसे गेली ती गेली. वर त्यांच्या नावाला बट्टा लागला.

तो पुसण्यासाठी आप्तांनी पंचवीसहून अधिक वर्षे झगडा दिला. १९९८ साली लॉर्ड सॅव्हिल यांची नवी चौकशी जाहीर झाली. तिचे बरेचसे काम गिल्डहॉलमध्येच चालले. नऊशेंहून अधिक साक्षी झाल्या. १५ जून २०१० रोजी अहवाल आला. मृतांपैकी कोणाकडूनही सैनिकांना धोका नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात माफी मागितली. त्या दिवशी आप्त बॉगसाइडातून चालत गिल्डहॉलला गेले. १९७२ चा मोर्चा जेथे पोहोचू शकला नव्हता, तेथे तो अडतीस वर्षांनी पोहोचला. अंतर काही मिनिटांचे आहे. आम्ही ते चालून पाहिले. न्यायाचा हिशेब मात्र तेथे पुरा झाला नाही. एका माजी सैनिकावर खटला उभा राहिला, तो पुराव्याअभावी ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्दोष सुटला.

यानंतर वाटाड्याने जे सांगितले, ते त्याला कोणी विचारले नव्हते. १९९० च्या ऑक्टोबरात रिपब्लिकन आर्मीने एका कॅथलिक गृहस्थाला पकडले. तो सैन्याच्या छावणीत स्वयंपाकाचे काम करी, एवढाच त्याचा अपराध. घरच्यांना ओलीस धरून त्याला स्फोटकांनी भरलेली गाडी सैन्याच्या चौकीवर न्यायला लावली, आणि तो आत असतानाच ती उडवली. त्याच्याबरोबर पाच सैनिक मेले. आपल्या बाजूच्या लोकांनी केलेले हे कृत्य वाटाड्याने त्याच आवाजात सांगितले, ज्या आवाजात त्याने तेरा मृतांची हकीकत सांगितली होती. दोन्ही पारडी सारखी करावी म्हणून त्याने ते सांगितले नाही. एका अन्यायाने दुसरा फिटत नाही, हे तो जाणत होता. घडले ते सांगावे, एवढाच त्याचा हेतू दिसला.

एक गोष्ट मात्र त्याच्या फेरीत नव्हती, ती आम्ही मनाशी जोडून घेतली. तटाजवळच लॉरेन्स हिल नावाचा चढ आहे. हेन्री, जॉर्ज आणि जॉन हे लॉरेन्स बंधू या शहरातील फॉइल कॉलेजात शिकले. त्यांचा मामा तेथे मुख्याध्यापक होता. हेन्री १८५७ साली लखनौच्या वेढ्यात मेला. जॉन पंजाबचा कारभारी आणि पुढे १८६४ ते १८६९ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. एका हातात लेखणी व दुसऱ्यात तलवार घेतलेला त्याचा पुतळा लाहोरला होता. लाहोरच्या लोकांना तो सलत होता. शेवटी तो हलवला गेला आणि याच शाळेत आणून उभा करण्यात आला. परमुलखात वसाहत कशी राखावी याचे धडे ज्या तटाच्या सावलीत गिरवले गेले, तेथील मुले आपल्याकडे राज्य करण्यास आली, हा योगायोग आम्हाला वाटत नाही. पण हेही खरे की त्याच तटाच्या दुसऱ्या बाजूची माणसे आपल्यासारखीच राजाच्या चौकशी-समित्यांकडे न्याय मागत राहिली.

२०११ साली फॉइलवर पादचाऱ्यांसाठी नवा पूल झाला. तो गिल्डहॉलच्या बाजूला पलीकडच्या जुन्या सैनिकी छावणीशी जोडतो. व्यापाऱ्यांच्या मध्यस्थीने मिरवणुकांबाबतही दोन्ही समाजांत समझोता झाला आहे. तरी दर डिसेंबरात लंडी जळतोच, आणि पाट्यांवरचे ‘लंडन’ही खोडले जातेच. आठवणी सहजासहजी एक होत नाहीत, आणि त्या एक व्हाव्यात असा आग्रह धरणेही योग्य नव्हे. परंतु वॉर्डांची बेरीज किती होती, गोळी कोणी झाडली, गाडीत कोणाला बसवले, हे प्रश्न आठवणींचे नव्हेत. त्यांची उत्तरे पुराव्याने ठरतात, आणि ती आपल्याच माणसांसमोर, आपल्याच तोंडाने सांगावी लागतात. आपल्या गावांतून पाहुण्यांना किल्ले आणि वाडे दाखवत हिंडणाऱ्या प्रत्येकाने डेरीच्या त्या वाटाड्याकडून एवढे घेण्यासारखे आहे.