पोहरादेवी : यात्रा आणि तांड्यांचे सण

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील बंजारा समाजाचे प्रमुख तीर्थक्षेत्र. ‘बंजारा समाजाची काशी’ अशी त्याची ख्याती आहे. यवतमाळ जिल्ह्याची हद्द येथून जवळ असल्याने मानोऱ्याप्रमाणेच दिग्रसच्या बाजूनेही भाविक येतात. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण पोहरादेवीचा गोतावळा जिल्ह्यात काय, राज्यातही मावत नाही. तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि मध्य प्रदेशातले तांडे या गावाला आपले मानतात.

जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी ही येथील मुख्य श्रद्धास्थाने. सेवालालांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला, असे समाजात मानले जाते व त्या दिवशी त्यांची जयंती साजरी होते. त्यांचा निर्वाणकाळ १८०६ हा सांगतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या लमाणांतले, म्हणजेच बंजाऱ्यांतले हे संत. तोळाराम घोडा आणि गराशा बैल त्यांच्या कथांतून वेगळे काढताच येत नाहीत. देवीने त्यांना आपला भगत होण्यास सांगितले, त्यांनी दीर्घकाळ नकार दिला, तांड्यावर संकटे आली आणि अखेर ते राजी झाले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातला ताण भाविकांच्या आचारात आजही दिसतो : सेवालालांना गोड भोग, देवीला नवसाचा बोकड. बोकडबळी बंद व्हावा म्हणून समाजातून आणि बाहेरूनही प्रबोधन होत आले आहे.

मुख्य यात्रा रामनवमीला, म्हणजे चैत्र शुद्ध नवमीला भरते. वऱ्हाडात तेव्हा ऊन तापलेले असते आणि शेते मोकळी असतात. लाखोंच्या गर्दीला ती मोकळीकच उपयोगी पडते. सेवालालांचा पांढरा झेंडा, नंगाऱ्याचा ठोका, गोरबोलीतली अरदास आणि आरसे-कवड्यांनी मढलेली फेटिया-कांचळी नेसलेल्या वृद्ध स्त्रिया हे यात्रेचे दृश्य. भोग लावताना विस्तवावर तूप आणि गोड नैवेद्य वाहतात. दर्शनाइतकेच महत्त्व भेटीगाठींना असते. चार राज्यांतले सगेसोयरे एका जागी सापडण्याची दुसरी संधी वर्षात सहसा येत नाही. करोनाच्या काळात यात्रेत खंड पडला. धर्मगुरू रामराव महाराज यांचे ३० ऑक्टोबर २०२० रोजी निधन झाले. त्यांची समाधीही येथेच आहे. लगतच्या उमरी येथील देवस्थानाचे दर्शन घेऊनच बहुतेक भाविक परततात.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारत नंगाऱ्याच्या आकाराची आहे. फिरत्या समाजाचे वैभव एका जागी, तेही काँक्रीटमध्ये बसवावे, यात थोडी गंमत आहे. पण रेल्वे आल्यावर बैलांचा व्यापार बुडाला आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांवर शिक्का मारला, त्यानंतर जे उरले ते कुठेतरी जपून ठेवणे भागच होते.

यात्रेखेरीज परिसरातील तांड्यांचे वर्ष तीन सणांभोवती फिरते. त्यांत होळी सर्वांत मोठी. ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याकडे कामाला गेलेली माणसे होळीला तांड्यावर येण्याची धडपड करतात. गावाची होळी रात्री पेटते, तांड्याची पहाटे. त्याआधी कित्येक रात्री डफावर लेंगी गाण्यांचे फड रंगतात; त्यांत थट्टा असते, शृंगार असतो आणि नायक-कारभाऱ्यांचीही गय नसते. मागच्या होळीनंतर जन्मलेल्या मुलाचा ‘धुंड’ हा विधी याच वेळी होतो. बाळाला मांडीवर घेतात, वर आडवी धरलेली काठी गेरिये, म्हणजे होळी खेळणारे पुरुष, आपल्या काठ्यांनी वाजवतात आणि आशीर्वादाची गाणी म्हणतात. गोडधोडाने भरलेले भांडे स्त्रिया काठ्या घेऊन राखतात आणि पुरुष ते पळवायला बघतात. मार बसतो तो खराच असतो.

पावसाळ्यात काळ्या मातीत बैल चालत नसत, त्यामुळे जुने तांडे चार महिने मुक्काम करीत. श्रावणातली तीज हा त्या थांबलेल्या दिवसांचा सण. अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात. पेरणीच्या दिवशी भिजवलेले हरभरे बोरीच्या काट्यांवर टोचायचे आणि त्याच वेळी कोणीतरी ती फांदी हलवायची, असा एक खोडकर खेळ आहे. शेवटी मातीच्या गणगोर मूर्ती करतात, अंकुर उपटून वाटतात आणि उरलेले पाण्यात सोडतात. लग्न ठरलेल्या मुलीचे हे तीजेचे शेवटचे वर्ष, म्हणून त्या दिवशीचे रडणे सगळेच लटके नसते.

दिवाळीच्या अमावास्येला मुली हाती दिवे घेऊन तांड्यातल्या घरोघरी ‘मेरा’ मागतात, त्याची सुरुवात नायकाच्या घरापासून होते. दुसऱ्या दिवशी रानात जाऊन त्या फुले आणतात आणि दारापुढच्या शेणाच्या गोधनावर खोवतात.